कीटक : नाव आणि जीव



वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत आपण थोर पुरुषांची चरित्रे ऐकता, ग्रंथांची चिकित्सा ऐकता, देशापुढील प्रश्नांचा ऊहापोह ऐकता. अशा पंगतीत कीटकांना पाट मांडण्याचे धाडस आम्ही आज करीत आहो. कोणी म्हणेल, किड्यामुंगीवर तासभर काय बोलायचे? पण या मंडपातील दिव्यांकडे जरा नजर टाका. आपण सारे निमंत्रणावरून आलो. त्या दिव्यांभोवती जमलेली मंडळी निमंत्रणाशिवाय आली आहेत, आणि संख्येने ती आपल्यापेक्षा कमी नाहीत. आजवर शास्त्रज्ञांनी नावे देऊन नोंदलेल्या कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख भरतात. पृथ्वीवरील ज्ञात प्राण्यांत निम्म्याहून अधिक जाती एकट्या या वर्गाच्या आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी आपण राहतो, त्यांची नीट ओळख करून घेणे हा साधा शिष्टाचार झाला.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. माणूस ज्या नावाने एखाद्याला ओळखतो, त्या नावाप्रमाणेच त्याच्याशी वागतो. आपण शहरवासीयांनी सर्व सूक्ष्म जिवांना 'किडा' हे एकच नाव देऊन टाकले आहे, आणि म्हणून सर्वांना एकच वागणूक, ती म्हणजे औषधाची फवारणी, देत आहो. त्यात निरपराध मरतात आणि खरा अपराधी पुष्कळदा सुटतो. हे कसे घडते ते दाखविण्यासाठी आधी शब्दाची आणि मग जिवाची हकीकत सांगावी लागेल.

शब्दाचे कुळ

'कीटक' हा शब्द आपण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. मूळ शब्द 'कीट', त्याला 'क' हा प्रत्यय लागून 'कीटक' झाला. पण हाच शब्द प्राकृताच्या वाटेने, लोकांच्या जिभेवर घासत घासत, आपल्याकडे फार पूर्वीच येऊन पोचला होता. 'कीट' या शब्दाची 'कीड' झाली आणि 'कीटक' या शब्दाचा 'किडा' झाला. म्हणजे शाळेच्या पुस्तकातला कीटक आणि घरातला किडा हे एकाच आईचे दोन मुलगे. एक काशीला जाऊन शिकून आला, दुसरा शेतावरच राहिला, इतकाच फरक.

परंतु या दोन भावांच्या वाट्याला आलेली प्रतिष्ठा मात्र सारखी नाही. 'कीटक' म्हटले की काही अभ्यासाचा विषय आहे असे वाटते. 'किडा' म्हटले की हात चपलेकडे जातो. 'कीड' तर त्याहून वाईट. फळाला कीड लागते, दाताला कीड लागते, आणि संस्थेत लाचलुचपत शिरली की आपण म्हणतो, संस्थेला कीड लागली. अति वाचणाऱ्याला आपण पुस्तकी किडा म्हणतो, आणि कोणी निष्कारण खोड्या काढू लागला की त्याच्या डोक्यात किडा वळवळतो आहे असे म्हणतो. शब्दाला एवढा डाग लागल्यावर त्या नावाच्या जिवाकडे कोण मायेने पाहणार?

तथापि आपली भाषा या बाबतीत दरिद्री मुळीच नाही. एकेका कीटकाचे नाव घेऊन पहा. 'मक्षिका' या शब्दाची माशी झाली, 'भृंग' याचा भुंगा झाला, 'यूका' हिची ऊ झाली, 'लिक्षा' हिची लीख झाली. 'दंश' म्हणजे चावा. त्या चाव्याचाच डास झाला. रंगांची नावे पहा. आपण ज्याला किरमिजी रंग म्हणतो, तो पूर्वी एका बारीक किड्यापासून काढीत. हे नाव अरबी-फारशीच्या वाटेने आपल्याकडे आले, आणि त्याच्या मुळाशी आपलाच 'कृमि' शब्द आहे असे भाषापंडित सांगतात. पांडवांना जाळण्यासाठी रचलेले लाक्षागृह ज्या लाखेचे, ती लाखही एका कीटकाचीच देणगी. रेशमी वस्त्राला संस्कृतात 'कौशेय' म्हणतात, कारण ते किड्याच्या कोशापासून निघते. ज्या शब्दाने आपण शब्दकोश म्हणतो, त्याच शब्दाने अळीच्या घराला कोश म्हणतो; मौल्यवान वस्तू जपून ठेवण्याची जागा हा अर्थ दोन्हीकडे लागू पडतो.

सर्वांत मोठा मान भ्रमराचा. अमरकोशात त्याची नावे पहावीत. मधुकर, मधुप, भृंग, अली अशी ती माळ आहे. त्यांत 'द्विरेफ' असे एक गमतीचे नाव आहे. 'भ्रमर' या शब्दात र हे अक्षर दोनदा येते म्हणून तो द्विरेफ! आणि दुसरे नाव आहे 'षट्पद', म्हणजे सहा पायांचा. हे नाव आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे फार काम पडणार आहे.

पश्चिमेकडील नाव

इंग्रजीत कीटकाला 'इन्सेक्ट' म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याचा अर्थ 'आत कापलेला' किंवा 'खाचा पडलेला' असा आहे. पण लॅटिन शब्दही मूळचा नव्हे. तो ग्रीक शब्दाचे भाषांतर आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांची विभागणी करताना ज्यांच्या शरीरावर कापल्यासारख्या खाचा दिसतात, त्यांना 'एन्टोमा' म्हटले. मुंगळ्याकडे पाहिले म्हणजे हे नाव किती डोळसपणे दिले होते ते पटते. डोके, छाती आणि पोट यांच्यामध्ये कोणी दोरा आवळून बांधावा तशी ती दिसतात. कीटकशास्त्राला आजही 'एन्टोमॉलॉजी' म्हणतात, ते याच शब्दावरून.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने ग्रीक शब्दाचे लॅटिन रूप आपल्या निसर्गविषयक ग्रंथात वापरले, आणि त्या ग्रंथाचा अकरावा भाग कीटकांच्या वर्णनाने सुरू केला. ठाणे-कल्याणच्या श्रोत्यांना येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याच शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात 'कल्लिएना' म्हणून ज्या बंदराचा उल्लेख आहे, ते आपले कल्याण. आणि त्याच वर्णनात, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'आरियाके' नावाच्या प्रदेशातून समुद्रापार जाणाऱ्या मालात लाखेच्या रंगाचा निर्देश आहे. म्हणजे रोममध्ये प्लिनी कीटकांना नाव देत होता, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची गलबते कीटकांची कमाई विकत होती.

परंतु नाव मिळाले म्हणून ओळख पुरी झाली असे नव्हे. स्वीडनचा लिनियस हा वर्गीकरणशास्त्राचा जनक. १७५८ साली त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली, आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ त्या आवृत्तीपासून धरतात. त्या लिनियसनेही कीटकांच्या वर्गात कोळी, विंचू, गोम आणि चक्क खेकडादेखील घातला होता! त्यांना वेगळे काढण्याचे काम पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्सच्या लामार्क आदी पंडितांनी केले. तेव्हा आपण पालीच्या खाली दिसलेल्या कोळ्याला किडा म्हणतो यात फार लाजण्याचे कारण नाही; थोरामोठ्यांची संगत आहे. पण ते त्या चुकीत राहिले नाहीत, आणि आपणही राहू नये.

कीटक कोणाला म्हणावे?

खूण सोपी आहे. पाय मोजावेत. सहा भरले तर कीटक. शरीराचे तीन भाग: डोके, छाती, पोट. डोक्यावर मिशांची एक जोडी. सहाही पाय छातीला जोडलेले, आणि पंख असतील तर तेही छातीलाच. हाडांचा सांगाडा आत नाही. बाहेरचे कवच हाच त्यांचा सांगाडा. म्हणून वाढताना त्यांना जुना अंगरखा उसवून टाकावा लागतो, त्यालाच आपण कात टाकणे म्हणतो. नाक नाही, फुप्फुसे नाहीत. शरीराच्या बाजूंना बारीक छिद्रे असतात, त्यांतून हवा नळ्यांच्या वाटे थेट अवयवांपर्यंत जाते.

आता ही खूण लावून पाहू. कोळ्याचे पाय आठ, आणि त्याला मिशा नाहीत; तो कीटक नव्हे. खाडीवरचा कोळी आणि भिंतीवरचा कोळी, दोघेही जाळे टाकून पोट भरतात; भिंतीवरच्याच्या जाळ्यात डास आणि माशा सापडतात, म्हणजे तो आपल्या घरचा बिनपगारी नोकर आहे. विंचू आठ पायांचा, कोळ्याच्या भाऊबंदांपैकी. गोमेला पायांच्या पुष्कळ जोड्या. तीही कीटक नव्हे. गांडूळ तर बिनपायांचे, त्याचे कुळच वेगळे. आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर येऊरच्या पायथ्याशी मातीतून जो मखमली तांबडा जीव वर येतो, ज्याला आपण मृगाचा किडा आणि संस्कृत कवी इंद्रगोप म्हणतात, त्याचेही पाय मोजले तर आठ भरतात. नावात किडा, पण कीटक नव्हे!

उलट ज्याला पंख नाहीत, जो उडत नाही, असा एक खरा कीटक आपल्या पुस्तकांच्या कपाटात असतो. चांदीच्या वर्खासारखी चमकणारी, कागद आणि खळ खाणारी ती कसर. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. इतकी जुनी पुस्तके सांभाळायची तर कसरीची ओळख ठेवणे हा ग्रंथपालनाचाच भाग ठरतो. पुस्तकी किडा म्हणून कोणाला मान द्यायचा असेल तर तो प्रथम तिला द्यावा.

येथे त्या 'षट्पद' शब्दाकडे परत वळू. आमच्या पूर्वजांनी भुंग्याचे पाय मोजले होते, ते सहा आहेत हे त्यांना ठाऊक होते. पण ती मोजणी त्यांनी भुंग्याच्या एका नावापुरती ठेवली. ग्रीक भाषेवरून बनविलेल्या 'हेक्सापोडा' या शास्त्रीय नावाचा अर्थही अक्षरशः 'षट्पद' असाच आहे. पण त्यांनी ते साऱ्या वर्गाला लावले. निरीक्षण एकच होते, पण एकाच्या अलंकाराचे दुसऱ्याकडे शास्त्र झाले. आपल्याकडे वर्गीकरण नव्हतेच असे मात्र कोणी समजू नये. जैन आचार्य उमास्वाती यांच्या तत्त्वार्थसूत्रात प्राण्यांची विभागणी इंद्रियांच्या संख्येवर केली आहे. कृमीला दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भ्रमराला चार आणि माणसाला पाच अशी ती चढती पायरी. इतक्या क्षुद्र जिवाच्या ठायी किती संवेदना आहे हे मोजावे, आणि ते त्याला न दुखविण्यासाठी मोजावे, ही दृष्टी विरळाच होय.

घाम, माती आणि कुंभारीण

कीटक जन्मतात कसे, याविषयी मात्र पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे पुष्कळ काळ एकच गैरसमज होता. आपल्याकडे प्राण्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. मनुस्मृतीत डास, उवा, माशा आणि ढेकूण यांना स्वेदज, म्हणजे घामातून व उष्म्यातून उपजणारे, म्हटले आहे. युरोपातही सडक्या मांसातून अळ्या आपोआप होतात असेच मानीत. १६६८ साली इटलीतील फ्रान्सेस्को रेडी याने साधा प्रयोग केला. काही भांड्यांत मांस ठेवून ती उघडी ठेवली, काहींवर विरळ कापड बांधले. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या. झाकलेल्या भांड्यांतील मांस सडले, पण त्यात अळी झाली नाही. माशा कापडावर बसून वरच अंडी घालीत राहिल्या. माशीवाचून अळी नाही हे त्या फडक्याने सिद्ध केले.

दुसरे उदाहरण आपल्या संतवाङ्मयाच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर मराठीत टीका लिहून ती १५७३ साली काशीस पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंत दिव्यावर झेपावणारा पतंग आहे, मध जमविणारी माशी आहे, कोळी आहे, आणि शेवटचा गुरू आहे मातीचे घर करणारी कुंभारीण. ती एक अळी आणून घरात कोंडते. भयाने तिचेच ध्यान करता करता अळी कुंभारणीचे रूप पावते, असा तो दृष्टांत. भ्रमरकीटन्याय म्हणून तो प्रसिद्ध आहे.

आता कोणी उठून म्हणेल, हे सारे खोटे. आम्ही तसे म्हणणार नाही. पाहणाऱ्याने जे पाहिले ते खरेच होते : आत अळी गेली, बाहेर कुंभारीण आली. मधे जे घडले ते मातीच्या भिंतीआड होते. फ्रान्सचा झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा घरांत डोकावून पाहिले, तेव्हा हकीकत कळली. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, ठार करीत नाही. म्हणजे शिदोरी ताजी राहते. त्या शिदोरीजवळ ती एक अंडे घालते आणि दार लिंपून निघून जाते. कुंभारणीच्या काही जाती अळीऐवजी कोळी आणून ठेवतात. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या शिदोरीवर वाढते, आत कोश करते, आणि पंख फुटल्यावर भिंत फोडून बाहेर येते. दृष्टांताचे आध्यात्मिक मोल आपल्या जागी अबाधित आहे. पण निरीक्षण आणि अनुमान यांत एका मातीच्या भिंतीचे अंतर असते, हा धडाही त्याच कुंभारणीने दिला. आजही खिडकीच्या चौकटीत ती घर बांधते. मुलांना दाखवा, पाडून टाकू नका.

हरवलेली नावे

मंडळी, आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. शेतकऱ्याला विचारा, तो कधी नुसते 'किडा' म्हणणार नाही. मुरबाड-शहापूरकडे भात लावणारा माणूस खोडकिडा वेगळा ओळखतो, तुडतुडे वेगळे, लष्करी अळी वेगळी. मावा कोणता आणि तो मावा खाणारा ढालकिडा कोणता, हे ज्याला कळते तो ढालकिडा दिसला की फवारणीचा हात आखडतो. धान्य निवडणाऱ्या बायकांना टोके आणि जाळी यांतला भेद कळतो. मधमाश्यांतही आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया अशी चार स्वतंत्र नावे आहेत. आणि प्रत्येकीचा स्वभाव, पोळ्याची जागा, मधाचे प्रमाण निराळे. आग्या उंच जागी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते आणि चिडली तर जिवावर बेतते. पोया झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या फटीत राहते, आणि तिला नांगीच नाही!

आता डोंबिवलीतील एखाद्या इमारतीत या. गेल्या साठ-सत्तर वर्षांत येथील भातखाचरांवर घरे उभी राहिली. ती राहणे प्राप्तच होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण खाचरांबरोबर नावेही गेली. भिंतीच्या फटीतून पोया ये-जा करताना दिसली की 'मधमाश्या झाल्या' असा ओरडा होतो आणि औषध मारणाऱ्याला बोलावणे जाते. बिननांगीच्या गरीब माशीला आग्याची शिक्षा! येऊरच्या डोंगरावर कारवी सुमारे आठ वर्षांनी एकदा फुलते. २००८ आणि २०१६ साली ती फुलली, तेव्हा निळ्या-जांभळ्या उतारांवर मधमाश्यांची दाटी झाली. ज्या झुडपाला आयुष्यात एकदाच फुलून बी धरायचे आणि मग वाळून जायचे, त्याला त्या एका हंगामात माश्या मिळाल्या नाहीत तर दुसरी संधी नाही. आपल्या अंगणातील भोपळा-काकडी, शेवगा, आंबा यांनाही फळ धरण्यासाठी कीटकांचीच गरज लागते.

एक नाव, तीन डास

नाव चुकल्याने निरपराध कसा मरतो ते सांगितले. आता अपराधी कसा सुटतो ते ऐका, कारण येथे प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे.

मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थ 'दूषित हवा'. नावच असे पडल्यामुळे लोक शतकानुशतके दलदलीची हवा टाळीत राहिले आणि डासाला कोणी विचारले नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला, तेव्हा हवा निर्दोष ठरली. पुढे १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी केली. तीत दोष दलदलीवर न येता घरोघरच्या विहिरींवर आला, कारण शहरी हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घरोघर डीडीटी मारली गेली, आणि १९६५ सालापर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. हे यश लहान नव्हे. पण डासांच्या ज्या पिढ्या त्या औषधाला पुरून उरल्या, त्यांचीच प्रजा वाढली. मोहीमही ढिली पडली. आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. नुसत्या औषधावर विसंबण्याचा अर्थ तेव्हा देशाला कळला.

आज आपण 'डास' म्हणतो तो एक नाही, निदान तिघे आहेत. पहिला ॲनोफिलीस : हिवतापाचा. तो रात्री चावतो, आणि शहरात टाक्या, विहिरी, बांधकामावर साठविलेले पाणी अशा ठिकाणी वाढतो. दुसरा एडीस : डेंग्यूचा. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, आणि पिंप, फुलदाणी, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा जुना टायर अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तिसरा क्युलेक्स : गटारातील घाण पाण्यात वाढणारा, रात्री गुणगुणणारा, आणि हत्तीरोग पसरविणारा.

आता काय होते पहा. गल्लीत डेंग्यूचा रुग्ण आढळतो. लोक नगरसेवकाकडे जाऊन गटारावर फवारणी मागतात. धूर होतो, गटारातील क्युलेक्स काही मरतात, सर्वांना समाधान वाटते. आणि ज्याने आजार दिला तो एडीस तिसऱ्या मजल्यावरील मनीप्लँटच्या बाटलीत सुखाने वाढत असतो! अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवली तर त्याची पिढी पुरी होत नाही. घासणे महत्त्वाचे, कारण त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. जेथे पाणी उपसता येत नाही तेथे गप्पी मासे सोडावेत. यास खर्च नाही, धूर नाही. फक्त शत्रूचे नाव ठाऊक पाहिजे.

अळी आणि फुलपाखरू

शेवटी एका सुंदर कीटकाबद्दल सांगून हे विवेचन आवरतो. २०१५ साली महाराष्ट्राने आपले राज्य फुलपाखरू ठरविले. काळ्या मखमली पंखांवर निळा पट्टा असलेले, आकाराने मोठे असे हे फुलपाखरू इंग्रजीत 'ब्लू मॉरमॉन' म्हणून ओळखले जाते. मराठीत त्याला 'नीलवंत' हे सुरेख नाव मिळाले. नाव मिळताच शाळेतील मुलेही ते ओळखू लागली. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळा येथील ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे. तेथे जाळी नाही, पिंजरा नाही. फुलपाखरांना लागणारी झाडे लावली, आणि फुलपाखरे आपण होऊन आली.

पण एक गोष्ट तेथे जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. फुलपाखराला मध देणारे फूल पुरत नाही. त्याच्या अळीला खायला पान लागते, आणि तेही ठराविक झाडाचेच. नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. आपल्या गॅलरीतील कढीलिंबाच्या किंवा लिंबाच्या रोपट्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी अळी असते, तीही बहुधा याच घराण्यातील एखाद्या फुलपाखराची असते. तिला आपण काय म्हणतो? कीड! सकाळी गॅलरीतील कीड चिरडायची, आणि रविवारी मुलांना घेऊन फुलपाखरे पाहायला जायचे! फुलपाखराला 'फुलाचे पाखरू' म्हणणारी आपली भाषा त्याच्या बालपणाला 'कीड' म्हणते, आणि आपण दोन्ही शब्दांवर विश्वास ठेवतो.

सर्वच कीटकांवर दया करा, असे आम्ही सांगत नाही. ढेकूण, झुरळ, उधई यांचा बंदोबस्त केलाच पाहिजे, आणि एडीस डासाशी तर उभे वैर धरले पाहिजे. आमचे मागणे इतकेच की आधी ओळख, मग निवाडा. न्यायालयात आरोपीचे नाव विचारल्यावाचून शिक्षा सांगत नाहीत. घरातही तसेच असावे. पाय मोजावेत. खेड्यातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या बोलीतील किड्यांची नावे विचारून वहीत उतरावीत, कारण ती नावे कोणत्याही कोशात सगळीच्या सगळी सापडणार नाहीत. आणि मुलाने एखादा जीव दाखवून 'हे काय?' म्हणून विचारले तर 'किडा आहे, फेक तो' हे उत्तर देऊ नये. आपल्याला ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधावे.

आता लवकरच पावसाळा लागेल. त्याच्या तोंडावर शहापूर-मुरबाडच्या रानात काजवे चमकू लागतील. संस्कृतात त्यांना 'खद्योत' म्हणतात, म्हणजे आकाशात उजेड करणारे. ज्याने एवढ्याशा किड्याला आकाशाशी जोडून नाव दिले, त्याने तो नीट पाहिला होता. तसे पाहण्याचा अभ्यास आपण सर्वांनी करावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.